गालात वाढलेला डोळा

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा मला वाटलं की आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी सवयीने पापण्या वर केल्या. त्या म्हणाल्या, "डोळा नको, तोंड." मग त्यांनी माझा वरचा ओठ बोटाने बाजूला केला. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आत आला, एकेक दात दाबत गेला आणि सुळ्यापाशी थांबला. "हा चांगला आहे, मुळाशी हाडही भरपूर आहे," असं एक पुरुषी आवाज म्हणाला. ते दातांचे डॉक्टर होते.

बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिने माझं मनगट धरलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला आणि त्यांनी सांगितलं, "हा तुमचा दात आम्ही हाडासकट काढणार. त्याची चकती करून मधोमध भोक पाडणार, त्यात छोटी नळीसारखी काच बसवणार. आणि तो दात तुमच्या डोळ्यात घालणार. त्यातून तुम्हाला दिसेल."

मनगटावरची पकड सुटली. मी हसलो. हसू आलं म्हणून नाही. अशा बोलण्यावर माणसाने काय करायचं असतं तेच सुचेना. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा अंगावर काटा आला.

हे सगळं सुरू झालं साकीनाक्याला. तिथे एका गाळ्यात मी ॲनोडायझिंगचं काम करायचो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, कपाटांच्या मुठी आमच्याकडे यायच्या आणि सोनेरी, काळ्या, तांबूस होऊन जायच्या. लोकांना वाटतं आम्ही रंग लावतो. तसं नसतं ते. रंग लावला तर सोलून निघतो. आम्ही तेजाबाच्या टाकीत वीज सोडून धातूच्याच अंगातून एक पातळ थर उगवून आणायचो आणि रंग त्या थरात मुरवायचो. त्याआधी माल साफ करायला कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत बुडवावा लागे.

पावसाळ्यात सोडा ओल धरतो. त्या दिवशी पोत्यातला सोडा दगड झाला होता. थोडा थोडा सोडायचा म्हणून मी पोतं कलतं केलं, तर आतला गठ्ठा सुटला आणि अख्खाच्या अख्खा टाकीत गेला. टाकी उसळली. समोर पांढरी भिंत होती, एवढं आठवतं. त्यानंतर कुठेही मान वळवली तरी ती भिंत समोरच राहिली.

गाळ्यातल्या लोकांनी माझं डोकं नळाखाली धरलं. ती माणसं शहाणी, रिक्षा येईपर्यंत त्यांनी पाणी थांबवलं नाही. मला आग होत होती, पण त्याहून जास्त घाबरवणारी गोष्ट वेगळीच होती. डोळे चोळले की बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागायचं. मला वाटलं, सोडाच अजून निघायचा आहे. पुढे कळलं की ते माझेच डोळे विरघळत होते. तेजाब वरवर भाजतं आणि स्वतःच केलेल्या खपलीपाशी थांबतं. सोडा थांबत नाही, आत आत जात राहतो. रिक्षात मी शुद्धीत होतो, गप्पा मारत होतो, रस्ता कुठे खोदलाय ते धक्क्यांवरून ओळखत होतो. आणि तेवढ्या वेळात आत सगळं संपत चाललं होतं.

उजवा डोळा त्याच महिन्यात बसला, आकसून गेला. डाव्याला उजेड-अंधार कळायचा, बाकी काही नाही. तेव्हा मुलगी पाचवीत होती.

आमचं घर भांडुपला, टेकडीच्या चढावर. वडील गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून इथे आले, ते वारल्यावर आई आमच्यातच राहिली. घरात बसून मी आवाजांवर जगायला शिकलो. बायको मुलुंडच्या एका पाळणाघरात मुलं सांभाळायची. काही काळाने तिने सांगितलं की पाळणाघर बंद झालं, म्हणून आता ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते. मी म्हटलं, बरं.

नेत्रदानात आलेलं बुबुळ मला बसवलं, ते अपघातानंतर वर्षभराने. पट्टी सुटली तेव्हा धुक्यात उभ्या असलेल्या माणसांसारखी माणसं दिसली. कुणाचं तोंड ओळखू येईना, पण माणसं दिसली. घरी येऊन मी खिडकीशी बसायचो आणि ज्या माणसाचा तो डोळा होता त्याला मनातल्या मनात हात जोडायचो. तो कोण, कसा गेला, काही माहीत नाही. मग धुकं दाट होत गेलं. दिवाळीला कंदील लावला, तर मला नुसता पिवळेपणा दिसला. दुसऱ्यांदा बसवलेल्या बुबुळाचंही तेच झालं.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, की दुसऱ्याचा चांगला डोळा माझ्याकडे येऊन आंधळा का होतो? त्यांनी आधी बायकोला विचारलं, घरी मासे करता का? आम्ही मालवणकडचे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याजोगा नव्हताच. त्या म्हणाल्या, "ताज्या बांगड्याचा डोळा काचेसारखा असतो ना? आणि कालवणात शिजल्यावर?" बायको म्हणाली, "पांढरा." तसंच काहीसं आहे, त्या म्हणाल्या. बुबुळावरची ती पारदर्शक काच म्हणजे खरंतर चामडीचीच बहीण. ज्या धाग्यांची कातडी, त्याच धाग्यांची तीही. फक्त तिथे ते धागे सारख्या अंतरावर, थरावर थर असे ओळीत बसलेले असतात आणि मध्ये रक्ताचा थेंबही फिरकत नाही, म्हणून उजेड आरपार जातो. ओळ मोडली की तीच काच पांढरी होते. आणि त्या काचेवर एक पातळ साल असतं, ते रोज झिजतं आणि रोज नवं येतं. कुठून येतं? काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जे कडं असतं, तिथल्या पेशींतून. माझं ते कडंच सोड्याने खाल्लं होतं. त्यामुळे नवं बुबुळ बसवलं तरी त्यावर साल उगवत नव्हतं. आजूबाजूचं मांस आणि रक्तवाहिन्या त्यावर चढत होत्या.

हे मात्र मला चटकन समजलं. वरून लावलेला रंग आणि आतून उगवलेला थर यातला फरक मी जन्मभर हाताळला होता. समजल्यामुळे जास्तच खचलो मी. काय गेलंय ते आता नेमकं ठाऊक झालं होतं.

त्या काळात मुलगी मोबाईलवर शोधत बसायची. प्रयोगशाळेत बुबुळं बनवतात, असं ती वाचून दाखवायची. डुकराच्या कातडीतून धागे काढून, धुऊन, त्याची पारदर्शक चकती बनवतात, ती डोळ्यात बसवली की आपल्याच पेशी तिच्यात शिरून ती आपलीशी करतात. कुठे माशाच्या खवल्यांपासून बनवायचा प्रयत्न चाललाय. आईने डुकराचं ऐकलं आणि हातातलं ताट ठेवून दिलं. मला मात्र आशा वाटली. डॉक्टरीणबाईंनी ती आशा हळूच बाजूला काढून ठेवली. त्या म्हणाल्या, ही कामं खरी आहेत, पुढे खूप लोकांना त्याचा उपयोग होईल. पण आपल्या पेशी येऊन राहायच्या तर आधी त्या उरलेल्या हव्यात, डोळ्यात ओल हवी. तुमचा डोळा तर कोरडा ठणठणीत. तिथे कातडीची चकती टिकणार नाही. तिथे टिकेल ते हाड. आणि हाड तुमचंच पाहिजे, म्हणजे शरीर ते ढकलून देणार नाही.

म्हणून दात.

घरी येऊन आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती म्हणाली, "दाताचो डोळो? अरे, माणसाक करतत की गणपतीक?" आणि नंतर आत जाऊन रडली. तिचं नाक ओढणं मला ऐकू येत होतं.

बायकोने एकच विचारलं, नाही जमलं तर आहे तेवढा उजेडही जाईल का? डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या होत्या, हे तिला माहीत होतं, तरी तिने परत विचारलं. मी म्हटलं, जाईल. ती म्हणाली, "मग तुमचं तुम्ही ठरवा. मी काही सांगणार नाही." एरवी घरात कुठला पडदा लावायचा हेही ठरवणारी बाई ती. तिने हात काढून घेतल्याचं मला आश्चर्य वाटलं, रागही आला. मी हो म्हणालो.

पहिल्या ऑपरेशनात त्यांनी सुळा काढला, गालाच्या आतलं मऊ अस्तर सोलून डोळ्यावर अंथरलं, आणि काच बसवलेली ती दाताची चकती माझ्या दुसऱ्या गालात, डोळ्याखालच्या कातडीच्या आत शिवून टाकली. तिथे तिच्याभोवती मांस आणि रक्तवाहिन्या वाढायच्या होत्या. रोप आधी वाफ्यात जगवतात आणि मग शेतात लावतात, तसं. पण रोपाला आपण वाफ्यात आहोत हे कळत नसतं. मला कळत होतं. दाढी करताना वस्तरा त्या उंचवट्याशी आला की हात थांबायचा. बोटाने दाबलं की आत काहीतरी टणक, माझंच, पण जागा सोडून आलेलं. तोंडात जिथे सुळा होता तिथे जीभ सारखी जायची आणि मोकळी परत यायची. आई माझ्या गालाला हात लावत नसे. मुलगी तेवढी सहज होती. एकदा मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "बाबांचा डोळा सध्या गालात आहे." ते ऐकून मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन झालं. गालातला दात काढला, डोळ्यावरचं अस्तर उचललं, बुबुळाच्या मधोमध गोल कापून तिथे तो बसवला आणि अस्तर परत पांघरून काचेपुरतं भोक ठेवलं. मला हे सगळं नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी पळून गेलो असतो.

पट्टी काढली ती सकाळी. आधी काहीच नाही. मग एक नळी. खरंच नळीतून पाहावं तसं, चारी बाजूंनी काळं आणि मधे गोल उजेड, आणि त्या उजेडात डॉक्टरीणबाईंचं घड्याळ. काटे दिसले. धुक्यातले नाहीत, धारदार काटे. मी वेळ वाचली. कुणीतरी श्वास सोडला. मग मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ती मी वरून बऱ्याच ओळींपर्यंत वाचली. नर्सच्या कॉलरची शिवण दिसली. इतकं स्पष्ट दिसत होतं की भीती वाटली. मी विचारलं, बायको कुठे आहे? तर ती समोरच होती, माझ्या नळीत नव्हती एवढंच. मान वळवली आणि ती आली.

तिच्याकडे मी किती वेळ पाहिलं माहीत नाही. मग मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं की सगळं छान आहे, फक्त एक अडचण आहे, मधे पांढरा डाग दिसतोय. त्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, बायकोच्या तोंडावर, एका डोळ्यापासून खाली हनुवटीपर्यंत. त्यांनी बॅटरी मारून तपासलं. भिंतीकडे बघायला सांगितलं. भिंतीवर डाग नव्हता. नर्सकडे बघायला सांगितलं. तिच्या तोंडावरही नव्हता. परत बायकोकडे पाहिलं, तर होता, आणि आता ओठांभोवतीही दिसला. मी म्हटलं, काच नीट बसली नाही का? डॉक्टरीणबाईंनी बॅटरी बंद केली.

बायको म्हणाली, "तो डाग तुमच्या डोळ्यात नाही. माझ्या तोंडावर आहे."

तरीही मला कळलं नाही. तिने पुढे होऊन माझा हात घेतला आणि आपल्या गालावर ठेवला. माझ्या हाताला तोच गाल लागला, जो मी इतकी वर्षं ओळखत होतो. आणि माझ्याच बोटांखाली कातडीचे दोन रंग होते. कोड हाताला कळत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

तिला ते अपघातानंतर दुसऱ्या वर्षी सुरू झालं होतं. आधी बोटांच्या टोकांवर, मग ओठ, मग डोळ्याभोवती. आईला माहीत होतं. मुलीला माहीत होतं. आमच्या चढावरच्या प्रत्येक घराला माहीत होतं. माझ्यासमोर कुणी बोलायचं नाही, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं आणि आमची सगळी वाडी ते पाळत आली. इतकी वर्षं मी तिच्याशेजारी झोपलो, तिच्या हातचं जेवलो, तिच्या पावलांवरून तिचा मूड ओळखायचो. मला वाटायचं, आंधळ्याला जास्त कळतं.

घरी येताना रिक्षात नळीतून एकेक गोष्ट येत होती, दुकानाची पाटी, केळीची गाडी, एक कुत्रं. सगळं बघण्यासारखं होतं आणि मला काही बघावंसं वाटत नव्हतं. घरी आल्यावर आरशासमोर उभा राहिलो. आरशातल्या माणसाच्या एका खोबणीत आकसलेला पांढरा गोळा होता. दुसऱ्यात डोळा नव्हताच. तिथे गुलाबी मांस होतं, तोंडाच्या आत असतं तसंच ओलसर, आणि त्याच्या मधोमध एक काळा टिपका. त्या टिपक्यातून मी स्वतःकडे बघत होतो. मी मागे सरलो. मला वाटलं होतं, डोळा परत मिळणार म्हणजे डोळ्यासारखा डोळा मिळणार. कुणी तसं म्हटलं नव्हतं. मीच धरून चाललो होतो.

तीन-चार दिवसांनी मी आईवर चिडलो. तूसुद्धा सांगितलं नाहीस, म्हटलं. ती म्हणाली, "सांगून काय करतलो होतस? तिचा तिणा सोसल्यान." तिनेच मग पाळणाघराचं सांगितलं. पाळणाघर बंद पडलं नव्हतं. बायकोच्या हातावर डाग दिसल्यावर काही आईबापांनी सांगितलं होतं की या बाईने आमच्या मुलांना घ्यायचं नाही. हा रोग पसरत नाही, हे तिने डॉक्टरकडून लिहून आणून दाखवलं, तरी उपयोग झाला नाही. त्या दिवशी ती घरी आली होती, मी विचारलं होतं, लवकर कशी, आणि ती म्हणाली होती, बंद झालं. मला तिचा तो आवाज आठवला. त्यात काहीही वेगळं नव्हतं.

मी तिला विचारलं ते एका दुपारी, ती कपड्यांच्या घड्या घालत असताना. का लपवलंस? ती घड्या घालत राहिली.

"काय सांगणार होते? सगळे माझ्या तोंडाकडे बघून बोलायचे. एक तुम्हीच माझ्याशी बोलायचात."

मग थोड्या वेळाने तिने हेही सांगितलं, की पट्टी काढायच्या दिवशी तिने मुलीला विचारलं होतं, मी मागे बसू का? मुलगी नाही म्हणाली. ऑपरेशनचं तुमचं तुम्ही ठरवा, असं ती का म्हणाली होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. नको म्हणावं असं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं तिला सहन होत नव्हतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी एक छोटी बाटली दाखवली. दात बसवताना माझ्या डोळ्यातून कापलेला बुबुळाचा गोल तुकडा त्यात होता. परवानगी दिलीत तर हा आमच्या प्रयोगशाळेत जाईल, त्या म्हणाल्या. बुबुळं बनवणाऱ्यांना नुसतं चांगलं बुबुळ बघून चालत नाही, ते कसं बिघडतं हेही बघावं लागतं. मी बाटली डोळ्यातल्या काचेसमोर धरली. ओल्या खोबऱ्याच्या कापासारखा पांढरा, नखाएवढा तुकडा. मला अचानक आठवलं की तो माझा नव्हता. ज्याला मी खिडकीशी बसून हात जोडायचो, त्याच्यानंतरच्या दुसऱ्या कुणाचा तरी होता तो. एक माणूस मेला, त्याच्या घरच्यांनी रडता रडता हो म्हटलं, आणि त्याचा डोळा माझ्याकडे येऊन पांढरा झाला. मी सही केली. बाहेर आल्यावर जिन्यातच बसलो. बायको पाणी घेऊन आली. मी रडत होतो, पण या डोळ्यातून पाणी येत नाही, त्यामुळे तिला आधी कळलं नाही.

आता या गोष्टीला बरेच महिने झाले. गाळ्याच्या मालकाने मला परत बोलावलं, टाक्यांपासून लांब, माल तपासायला. दोन चौकटींचा सोनेरी रंग सारखा आहे की नाही हे नळीतून बघायला उलट सोपं पडतं. रस्त्यात मी काळा चष्मा लावतो. बायको तोंडाला काही लावत नाही. भाच्याच्या लग्नाला दिंडोशीला गेलो तेव्हा जेवायच्या पंगतीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिलेली मी पाहिली. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, जणू म्हणाली, दिसलं ना? मी जाऊन तिथे बसलो.

तिच्याकडे एकदम अख्खं बघता येत नाही मला. कपाळ बघायचं तर हनुवटी सुटते. त्यामुळे मी तिला थोडी थोडी बघतो, आणि तिला ते माहीत आहे.

परवा सकाळी ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, केस पुढे घेतलेले. मानेवर, केसांच्या मुळाशी मला एक नवा डाग दिसला. तिथे आरसा पोचत नाही. मुलगी कॉलेजला गेलेली, आई देवळात. सांगायचं की नाही, यात माझा चहा निवला. न सांगणं किती सोपं असतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

"मानेवर एक आलाय," मी म्हटलं.

तिने वळून पाहिलं नाही. "केवढा?"

"रुपयाएवढा."

तिने गॅस बारीक केला. डब्यात भाजी भरली, झाकण दाबून लावलं. मग केस वर घेऊन मान उघडी राहील असा घट्ट अंबाडा बांधला, पिना खोचल्या, आणि पर्स उचलून ती कामाला गेली.